नवव्या कलमाआधी थांबावे

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय अठ्ठावन्न, अविवाहित, व्यवसायाने जनुकीय समुपदेशक, हल्लीच निवृत्त आणि तीही मनाविरुद्ध, आज आपल्या राहत्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसून, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाला किंवा लाडीगोडीला बळी न पडता, स्वखुशीने लिहून ठेवते ते असे. ‘स्वखुशीने’ हा शब्द वकीलबाईंचा. खुशी वाटावी असे यात फारसे काही नाही, पण कायद्याला तो लागतो म्हणून राहू दिला आहे.

कलम पहिले. माझ्या अंडाशयाचा कर्करोग पोटभर पसरला आहे आणि उपचार थांबवले आहेत. मेंदूपर्यंत तो गेलेला नाही, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दुखण्यावरचे औषध आज मी मुद्दाम घेतले नाही, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की बाई गुंगीत होती. तेव्हा मजकुरात कुठे चिडचिड दिसली तर ती दुखण्याची समजावी. सगळीच नव्हे.

कलम दुसरे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. ते आई आजारी पडण्याच्या आधीचे आहे आणि त्यात सगळे धाकट्या बहिणीच्या नावे होते. त्यानंतर आम्हा बहिणींत जे झाले ते आठव्या कलमात येईल. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

कलम तिसरे. माझे राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि खुर्ची टाकली तर माणूस मावत नाही अशी गॅलरी, माझ्या भाचीला द्यावे. ती धाकटीची एकुलती एक लेक. लहानपणी एका जागी टिकत नसे म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात. आता तिशीला आली, इमारतींचे नकाशे काढते, आणि अजूनही चहा उभ्यानेच पिते. घर विनाअट द्यावे. नवव्या कलमाशी या घराचा काडीचाही संबंध नाही. ते ती ऐको वा न ऐको, घर तिचेच. भिंगरी, न्हाणीघरातला नळ अर्धा पिरगाळून मग वर उचलावा लागतो. प्लंबर बोलावू नकोस, तीन प्लंबर त्याच्यापुढे हरले आहेत.

कलम चौथे. रुग्णालयातल्या माझ्या खोलीतले जे सामान माझ्या मालकीचे आहे ते माझ्या जागेवर आलेल्या नव्या मुलीला द्यावे. माझे काम काय होते हे अजून माझ्या शेजाऱ्यांनाही नीट माहीत नाही, म्हणून लिहिते. ज्या घरांत कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या फिरून फिरून येतो, त्या घरातल्या माणसांना समोर बसवायचे, त्यांची वंशावळ काढायची, रक्ताच्या तपासणीतून काय कळेल आणि काय कळणार नाही ते सांगायचे, आणि मग ती करायची की नाही हे त्यांचे त्यांना ठरवू द्यायचे. शेवटचे काम सर्वांत कठीण. जीभ वळवळते, पण आपले मत आपल्यापाशी ठेवायचे असते.

नव्या मुलीने एवढे ध्यानात ठेवावे. टिश्यूचा डबा समोरच्याच्या हाताला लागेल असा ठेवायचा, पण पुढे सरकवायचा नाही. सरकवला की माणसाला वाटते, आता आवरा म्हणताहेत, आणि तो रडणे गिळतो. वंशावळ पेन्सिलने काढायची. बाईला गोल, पुरुषाला चौकोन, आजार झाला असेल तर आकृती काळी भरायची, गेलेल्यावर तिरकी रेघ. ‘आजी कशानं गेल्या?’ असे विचारू नये, ‘आजींबद्दल सांगा’ म्हणावे. कशाने गेली हे बहुतेक घरांत कोणाला ठाऊक नसते. सगळ्या आज्या पोटाच्या दुखण्यानेच गेलेल्या असतात.

कलम पाचवे. आमच्याकडचे एक नावाजलेले सर्जन, ज्यांना परिचारिका पाठीमागे ‘घाईघाई’ म्हणतात, त्यांना माझी चाके नसलेली लाकडी खुर्ची द्यावी. त्यांनी एका तरुण मुलीला तिच्या आईदेखत, लिफ्टची वाट बघता बघता सांगितले होते, ‘हे तुमच्या आईकडून आलंय.’ लिफ्ट आली, ते गेले. पुढे किती तरी महिने ती आई माझ्या खोलीत येऊन एकच वाक्य बोलत होती, ‘मी दिलं तिला.’ चाकांच्या खुर्चीवरचा डॉक्टर बोलता बोलता दाराकडे सरकतो, हे मी जन्मभर पाहिले आहे. या खुर्चीवरून त्यांना सरकता येणार नाही. त्यांच्यावरचा राग मी कोणाला देत नाही, तो बरोबर नेते.

कलम सहावे. माझे रक्त आणि काढलेल्या गाठीचे नमुने रुग्णालयाच्या संशोधन विभागाकडे आहेत, ते त्यांच्याकडेच राहावेत. त्या विभागात एक संशोधक आहे. खात्री झाल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणून आम्ही त्याला कासव म्हणतो. त्याने ते कधी मनाला लावून घेतले नाही. घेतले असले तरी अजून खात्री झाली नसेल.

आईला स्तनाचा कर्करोग झाला तेव्हा तिचे रक्त कासवाने तपासले. एका जनुकात एक बदल सापडला. लांबलचक मजकुरात एखादेच अक्षर वेगळे पडावे तसा. अशा बदलाने कधी सगळे बिघडते, कधी काहीच होत नाही. आमचा बदल जगात दुसऱ्या कोणाच्या घरात सापडलेला नव्हता, त्यामुळे कासवाने अहवालावर लिहिले, ‘अर्थ अनिश्चित’. नात्यातल्या आणखी माणसांचे रक्त मिळाले तर अर्थ लागण्याची आशा होती. मी दिले. तोच बदल माझ्यात निघाला. धाकटीने दिले नाही.

आमच्या धंद्याचा नियम असा की अनिश्चित निकालावर कोणाचा अवयव काढायचा नाही. नियम चांगला आहे. त्यामुळे कितीतरी बायकांची विनाकारण चिरफाड टळली आहे. तो मी इतरांना शिकवला, स्वतः पाळला, आणि वाट पाहिली. पुढे मला हा आजार झाला, आईच्या मावसबहिणीच्या लेकीलाही झाला, तिच्यातही तोच बदल निघाला, आणि तेवढ्या पुराव्यावर कासवाला बदलाचा अर्थ लागला. बदल रोगकारकच होता.

तो स्वतः सांगायला आला. आमच्या घराण्याची वंशावळ त्याने सोबत आणली होती. आईचा गोल काळा होता, तिच्या मावसबहिणीच्या लेकीचा काळा होता, माझा मात्र त्याने कोराच ठेवला होता. मी म्हटले, ‘अरे, हा राहिलाय.’ तो म्हणाला, ‘बाई, माझ्याच्यानं नाही झालं.’ मग मी त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि माझा गोल भरला. त्या दिवशी मी त्याच्यासमोर रडले आणि डबा कोणीच सरकवला नाही. कासवा, तू खालमानेने हिंडतोस असे कळते. ते बंद कर. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच दोन शब्द लिहिले असते.

कलम सातवे. बँकेत जे काही शिल्लक आहे त्यातून, लांबून तपासणीला किंवा निकालाला येणाऱ्या माणसांच्या आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या एकाच्या प्रवासाचा खर्च करावा. सोबतीला कोणी आणा म्हणून आम्ही सांगतो, आणि लोक तिकिटाकडे बघून एकटे येतात.

कलम आठवे. माझ्या धाकट्या बहिणीला मी काहीही देत नाही. हे रागाने लिहिलेले नाही. राग होता, पण तो आता माझ्याच्याने पेलत नाही.

आई गेल्यावर मी तिला रक्त देण्याविषयी विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘आईला शेवटपर्यंत सुया टोचल्यात, आता माझा नंबर का? मला नाही कळून घ्यायचं. आणि भिंगरीला यातलं एक अक्षर सांगितलंस तर तुझं माझं नातं संपलं.’ मी तडकून म्हणाले, ‘मी जिवंत असेपर्यंत नाही सांगणार, झालं समाधान?’ तेव्हापासून आम्ही बोलतो, पण भाजीच्या भावापुरते. जाणून न घेण्याचा हक्क माणसाला असतो, हे मी आयुष्यभर शिकवत आले. घरी मात्र तो घशाखाली उतरला नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरे काय.

तरी शब्द पाळला, आणि त्याला कारण नुसती जिद्द नव्हती. भिंगरीत हा बदल निघाला तर तो धाकटीकडूनच आलेला असणार. म्हणजे मुलीच्या रक्ताची बाटली उघडली की आईचाही निकाल लागतो, तिने विचारलेला नसताना. एकीचा हक्क राखायला जावे तर दुसरीचा मोडतो. या पेचाला आमच्या पुस्तकांत पाने आहेत. उत्तर नाही.

भिंगरी सज्ञान आहे आणि मी जाणार आहे, म्हणून नववे कलम लिहिले आहे. ते कोणाच्याही हरकतीने रद्द होणार नाही. पण ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने त्यावर साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई सांगतात. धाकटीला काही न देण्याचे कारण एवढेच. साक्षीदाराची दुसरी जागा मी तिच्यासाठी ठेवली आहे. तिने सगळे वाचून सही करावी अशी माझी इच्छा आहे. नाही आली तर खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले सही करतील, ते कशावरही करतात. मात्र मग भिंगरी हे ऐकेल तेव्हा एकटी असेल. मला मरणाची भीती वाटते ती याच एका गोष्टीसाठी.

कलम नववे. भिंगरीला फक्त तिसरे कलम वाचून दाखवावे आणि नवव्याआधी थांबावे. तिला पाणी हवे का विचारावे. मग म्हणावे, ‘घरातल्या आजाराबद्दल मावशीनं तुझ्यासाठी लिहिलंय. ऐकायचंय का?’ ती ‘नको’ म्हणाली तर कागद मिटावा. कारण विचारू नये, चेहरा पाडू नये. हे दार पुढे कधीही उघडेल एवढे सांगून तिला घराच्या किल्ल्या द्याव्यात. ‘हो’ म्हणाली तर पुढचे वाचावे.

भिंगरी, तुझ्या आजीत होता तो बदल माझ्यात होता. त्यानं स्तनाचा आणि अंडाशयाचा कॅन्सर होण्याची शक्यता बरीच वाढते. तुझ्या आईत तो असण्याची शक्यता निम्मी. तिच्यात नसेल तर तुझ्यात तिच्याकडून येऊ शकत नाही. असेल तर तुझीही शक्यता निम्मी. बदल असणं म्हणजे आजार असणं नव्हे. आधी कळलं तर लक्ष ठेवता येतं, वेळेवर अवयव काढून टाकता येतात. मला जे कोणी सांगू शकत नव्हतं, ते तुला सांगता येतंय. तपासणी करायची की नाही ते तू ठरव. माझ्या जागी बसलेल्या मुलीकडे जा, ती चांगली आहे. मी इतक्या जणांना समोर बसून हे सांगितलं गं, आणि तुला वकीलबाईंच्या आवाजात सांगतेय. याचं मला फार वाईट वाटतं.

सही होण्याच्या वेळची नोंद, माझ्या सांगण्यावरून वकीलबाईंच्या हातची. धाकटी आली. पर्स मांडीवर धरून बसली. पहिल्यापासून आठव्यापर्यंत तिने स्वतः वाचले. घाईघाईंच्या कलमाला हसली, सहाव्याला तोंड फिरवले. आठव्याच्या शेवटी तिच्या हातातला कागद मी थांबवला.

‘पुढे तो बदल काय करतो ते लिहिलंय. वाचायचंय का?’

‘मला विचारतेस? इतकी वर्षं तोंड फुगवून बसलीस आणि आत्ता विचारतेस?’

‘हो. आत्ताच विचारतेय.’

‘नाही म्हटलं तर?’

‘तर सहीचं पान देते. चहा पिऊन जा.’

तिने मांडीवरची पर्स उचलून टेबलावर ठेवली. मग म्हणाली, ‘ताई, माझ्यातही तो असणार, मला रात्रंदिवस तेच वाटत असतं. मी विचारलं नाही म्हणून तो असायचा थांबतो का? दे इकडे.’ तिने नववे कलम वाचले, दोनदा. माझा हात धरला नाही, पण माझी औषधाची गोळी पुढे केली आणि म्हणाली, ‘सही झाली की घे आता. उगाच शहाणपणा नको.’

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, माझ्या हाताने सही करून पूर्ण केले. यात आता मला काही घालायचे नाही आणि काढायचेही नाही.

ठिकाण: माझे राहते घर, दुसरा मजला.
दिनांक: १७ मार्च.

लिहून ठेवणारीची सही

साक्षीदार पहिला: उपचार करणारे डॉक्टर. बाईंनी माझ्यासमोर शुद्धीत सही केली.

साक्षीदार दुसरी: बाईंची धाकटी बहीण. ताईने माझ्यासमोर सही केली. मी सगळे वाचले. मला ते पटलेले नाही. पण भिंगरीला विचारा. विचाराल तेव्हा मी तिच्या शेजारी बसलेली असेन, हे लिहून घ्यावे.