पोस्टमास्तरचा आवाज

३ मार्च, रविवार

झालं. सात वाजता लागलं, पावणेआठला संपलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच पोस्टमास्तर माझ्या तोंडून बोलला नाही. बोलली नाही. आता 'ती' म्हणायचं!

'ग्रहांतर टपाल' मूळची परदेशी मालिका. तिकडे त्यांनी आजवर तीन नट बदलले — पहिला जाडा, दुसरा ताडमाड, तिसरा नुसताच देखणा. इकडे कुणाला फारसं जाणवलं नाही. कारण आवाज एकच होता. माझा. डबिंगच्या बूथमध्ये उभा राहून तिघांच्याही तोंडात मी आपली भाषा घातली. श्रेयनामावलीच्या पाटीवर नाव कधी आलं नाही. आता चौथी ही बाई, आणि बाईला बाईचाच आवाज हवा. स्टुडिओतला साउंडवाला — बारा महिने गळ्यात मफलर, म्हणून सगळे त्याला मफलरच म्हणतात — मला समजावतो, "काका, तुम्हाला कुणी काढलं नाहीये, रोलच बदललाय." नारळ तो नारळच.

आणि नवा आवाज कुणाचा? आमच्या सूनबाईंचा.

४ मार्च

लिहून काढतो, नाहीतर पोटात दुखत राहील. सून इतके दिवस लिफ्टमध्ये बोलायची — "दरवाजा बंद होत आहे." मग बँकेत — "टोकन क्रमांक बेचाळीस." ऑडिशनला गेली ते सांगितलं नाही, निवड झाल्यावर सांगितलं. वर म्हणाली, "बाबा, रागावू नका. मला थोडं शिकवाल?"

मी म्हटलं, डोकं दुखतंय. ते आज महिनाभर दुखतंय. मुलगा बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने घरी नसतो. तेव्हा घरात आम्ही तिघं — मी, आमची ही आणि लिफ्ट.

५ मार्च

वाहिनीच्या पानावर प्रेक्षक मतं लिहितात. सकाळपासून तेच वाचत बसलोय.

"एकोणीस वर्षं बघतोय. आजपासून बंद." "बाईच्या खांद्यावर टपालाची थैली शोभत नाही." "माझी मुलगी पहिल्यांदा शेवटपर्यंत बसली, नवी पोस्टमास्तर झकास." "उंची कमी." "हसते छान." "हसते कशाला?"

आणि एकाने लिहिलंय — "बाई वाईट नाही. पण काहीतरी हरवलंय. काय ते कळत नाही."

मला कळतंय! हरवलंय ते मी आहे. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. एवढ्या चारशे लोकांत एकाला जाणवलं, आणि त्यालाही माझं नाव ठाऊक नाही.

१० मार्च, रविवार

दुसरा भाग. ही आणि मी सोफ्यावर. सून स्टूल ओढून बाजूला बसली, बक्षिसाची वाट बघणाऱ्या पोरीसारखी. संपल्यावर तिने माझ्याकडे बघितलं. मी बातम्या लावल्या.

मग खोलीत जाऊन त्या पानावर मीही लिहिलं. नाव घेतलं 'जुना प्रेक्षक'. "नटीला दोष देऊ नका. आवाज कच्चा आहे. वाक्य संपायच्या आत श्वास गिळते. नटीचे ओठ मिटल्यावर अर्धा शब्द बाहेर लोंबतो." खोटं एक अक्षर नाही. बातम्या देणाऱ्या बाईलाही मी रोज टीव्हीसमोर बसून हेच ऐकवतो.

११ मार्च

एकशे बारा जणांना माझं म्हणणं पटलं. "अरे, हेच म्हणायचं होतं!" "हा माणूस जाणकार दिसतो." एकोणीस वर्षं काचेमागे उभा राहिलो तेव्हा कुणी जाणकार म्हटलं नाही.

दुपारी झोप छान लागली.

१७ मार्च, रविवार

श्वास गिळला नाही. एकदाही नाही! अर्धा शब्दही लोंबला नाही. रेकॉर्डिंग दर गुरुवारी असतं, म्हणजे चार दिवसांत सुधारणा. स्टुडिओवाले 'जुना प्रेक्षक' वाचतात तर! मला नारळ देऊन माझंच ऐकावं लागतंय.

आज दुसरा शेरा दिला. "रागावली की आवाज चढतो. पोस्टमास्तर रागावला की आवाज खाली यायचा, म्हणून भीती वाटायची."

२४ मार्च, रविवार

राग खाली आला. भीती वाटली — मला नाही, हिला. हिने उशी घट्ट धरली होती.

तिसरा शेरा: धावताना धापा आधी येतात, पाय मागून.

२९ मार्च

ही विचारते, "दिवसभर त्या मोबाइलात डोकं खुपसून काय करता?" म्हटलं, काम करतोय. कामच आहे हे, पगार नाही इतकंच.

२ एप्रिल

जेवताना सून म्हणाली, "बाबा, लोक काय काय लिहितात ते वाचता का तुम्ही?"

"मला काय करायचंय?"

"एक जण फार बारकाईने ऐकतो. कडक आहे. पण चुकत नाही कधी."

पाणी प्यायलो. म्हटलं, "चुकत नसेल तर ऐकावं त्याचं."

"ऐकतेच आहे," म्हणाली, आणि मला पोळी वाढली.

मला सुनेचा राग येतो तो यासाठी. धड उर्मटही नाही. उर्मट असती तर सोपं गेलं असतं.

७ एप्रिल, रविवार

वारं फिरलं. "आता आवडायला लागली." "सुरुवातीला नाक मुरडलं होतं, माफी मागतो." तो 'आजपासून बंद'वालाही परत आलाय, निर्लज्ज!

आणि 'काहीतरी हरवलंय' म्हणणारा माणूस? त्याने आज एकच शब्द लिहिलाय — "सापडलं."

हे मात्र काळजाला लागलं. सापडलं काय? मी इथे सोफ्यावर बसलोय की. कुणी शोधायला आलं होतं का?

१४ एप्रिल, रविवार

आजचा भाग पत्राचा. ज्याला पत्र द्यायचं तो माणूस मेलाय, म्हणून पोस्टमास्तर रिकाम्या घराच्या दारात उभी राहून ते मोठ्याने वाचते. असा प्रसंग वर्षातून एकदा येतो. यात एक जागा आहे. नाव घ्यायचं आणि थांबायचं — कुणी आतून ओ देईल इतका वेळ — आणि मगच पत्र सुरू करायचं. ही जागा तिकडच्या नटाची नाही. पहिल्या वर्षी मी स्वतः काढलेली, त्याची पाठ कॅमेऱ्याकडे होती तेवढ्या वेळात. त्या दिवशी बूथबाहेर मफलर रडला होता.

सून नेमकी तिथे थांबली. तितकीच.

हिने डोळ्यांना पदर लावला. "पोरीने अगदी तुमच्यासारखं वाचलं हो." सून माझ्याकडे बघत होती.

उठलो, खोलीचं दार लावलं आणि लिहिलं. "नक्कल आहे. जुना आवाज चोरून बोलते. हिच्याजवळ स्वतःचं काही नाही. हिने हे काम सोडावं."

पाठवलं. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

१६ एप्रिल

नक्कल, नक्कल, नक्कल. पान भरून तोच एक शब्द. ज्यांनी रविवारी रडून घेतलं तेच आज म्हणतात, आम्हालाही संशय होताच. कुणीतरी शोधून काढलं की ही लिफ्टमध्ये बोलायची. "दरवाजा बंद होत आहे" म्हणून चेष्टा चाललीय.

लिफ्टचं मी तिथे लिहिलं नव्हतं. इथेच लिहिलं होतं, फक्त इथे.

१७ एप्रिल

शेरा काढून टाकायचा प्रयत्न केला. तीनशे जणांनी आधीच उतरवून घेतलाय. राहू दिला.

१९ एप्रिल

मफलरचा फोन. काल सून बूथमध्ये गेली, हेडफोन कानाला लावले, पाच मिनिटं नुसती उभी राहिली आणि बाहेर येऊन म्हणाली, मी हे काम सोडते. "काका, तुम्ही सांगून बघा. इतकं ऐकून घेणारं माणूस मी पाहिलं नाही. काही सांगायला जावं तर आधीच सुधारून आलेली असायची."

"तुम्हीच सांगत होता ना तिला, प्रेक्षकांचं वाचून?" मी विचारलं.

"आम्हाला कुठे वेळ आहे वाचायला?"

संध्याकाळी सून भाजी निवडत बसली होती. म्हटलं, "सोडलंस म्हणे." मान वर न करता म्हणाली, "हो, बाबा. विमानतळाच्या घोषणांचं काम आलंय. तेही बरं आहे."

मला आनंद व्हायला हवा होता. दोन महिने याचीच तर वाट बघत होतो. जेवण गेलं नाही.

२१ एप्रिल, रविवार

सात वाजता टीव्ही लावला नाही. सून दोन दिवस माहेरी गेलीय. हिने एक वही आणून माझ्या मांडीवर ठेवली. "रद्दीत टाका म्हणाली. तुम्हीच टाका."

पहिल्या पानावर — 'बाबांची शिकवणी'. खाली बारीक अक्षरात — 'श्वास गिळते, असं जगात एकच माणूस म्हणतो. घरी शिकवत नाहीत, तिथे शिकवतायत. कळू द्यायचं नाही.' पुढे जुन्या प्रेक्षकाचे सगळे शेरे, तारखांसकट. जो जमला त्याच्यापुढे बरोबरची खूण.

शेवटचा शेरा — 'हिने हे काम सोडावं.'

त्याच्यापुढेही खूण आहे.