बाप्तिस्म्याआधीच फलकावर लागलेले नाव

प्रति,
मा. मुख्य सचिव,
कालामीद्रा नगरपालिका,
वरचा चौक, कालामीद्रा.

विषय : वेबमेलमधील त्रुटीच्या चौकशी अहवालातून व सूचना फलकावरून माझ्या मुलाचे नाव काढण्याबाबत.

संदर्भ : फलकावर लावलेला चौकशी अहवाल, तसेच माझा पूर्वीचा अर्ज व त्यावरील आपले उत्तर.

महोदय,

१. मी आपल्या पाणीपुरवठा विभागात लिपिक असून बाळंतपणाच्या रजेवर आहे. रजेवर जाण्यापूर्वी कार्यालयाच्या वेबमेलने नवीन पासवर्ड मागितला, तेव्हा मी पोटातल्या मुलाचे ठरलेले नाव दिले. बाप्तिस्म्यापर्यंत मुलाला आपण नुसते 'बाळ' म्हणतो. ते नाव घरातही कोणाच्या तोंडून निघालेले नव्हते, म्हणून याहून गुप्त शब्द नाही असे मला वाटले. पहिल्या मुलाला वडिलांकडच्या आजोबांचे नाव जाते, आणि माझे सासरे पोलीख्रोनिस शाळेची बस चालवत व त्यांच्या बसमध्ये अर्धे गाव लहानाचे मोठे झाले, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझ्या लक्षात आले नाही. ही चूक मला मान्य आहे.

२. त्या पासवर्डने कोणीतरी माझी मेलपेटी उघडली. पुढे झाले ते माझ्या पेटीपुरते राहिले नाही. वेबमेलच्या सेटिंगमध्ये 'पाठवणाऱ्याचा पत्ता' असा रकाना आहे. त्यात लिहिलेला मजकूर सॉफ्टवेअर न तपासता सर्व्हरच्या हाती देते. पत्त्यापुढे कोणी हुकूम लिहिला, तर सर्व्हर तो हुकूमही पाळतो. त्या माणसाने तेवढेच केले आणि साऱ्या नगरपालिकेचे मेल उचलून नेले. आपले तंत्रज्ञ श्री. स्ताथिस मला फोनवर म्हणाले, "ताई, कुलूप तुमच्या खणाचं उघडलं, खरं आहे. पण खणाला मागची फळीच नव्हती, थेट तिजोरीत हात जात होता. त्याला तुम्ही काय करणार?" हे अहवालात नाही. फळी बसवणारी दुरुस्ती आधीच आलेली होती आणि कोणी बसवली नव्हती, हेही अहवालात नाही.

३. अहवालात काय आहे, तर चौकशी समितीने माझ्या पासवर्डवरून या त्रुटीला 'पोलीख्रोनिस' असे नाव दिले आहे. पाणीपट्टीच्या खिडकीशेजारी, जिथे सगळे गाव रांगेत उभे असते, तिथे सूचना लागली आहे : 'पोलीख्रोनिस बुजवण्याचे काम चालू आहे. तोवर सर्वांनी पोलीख्रोनिसपासून सावध राहावे.'

४. याबाबत मी अर्ज केला होता. उत्तर आले नाही. बाळाला पाहायला आलेल्या आमच्या विभागाच्या द्रोसूलाबाई दृष्ट लागू नये म्हणून तीनदा थूथू करून म्हणाल्या, "अगं, उत्तर केव्हाच गेलंय. तुझ्या कार्यालयाच्या मेलवर!" ती पेटी चौकशीसाठी आपणच बंद केलेली आहे. मी तसे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "बंद असेल. पाठवायचं ते आम्ही पाठवलं." त्यांनीच मला प्रत आणून दिली.

आपण लिहिले आहे की, या नावाचे कोणतेही अज्ञान बालक नगरपालिकेच्या दप्तरी नाही. सबब फलकावर कोणाचेही नाव नाही. आधी नावाची नोंद करावी व मग नाव काढण्यासाठी अर्ज करावा. मी जन्मनोंदीचा उतारा काढला. नावाचा रकाना कोरा आहे. आपले म्हणणे बरोबर आहे.

५. परंतु माझे सासरे दप्तरी आहेत. ते कॉफीच्या दुकानात गेले की पत्ते पिसणारे ओरडतात, "या बार्बा पोलीख्रोनिस! काका, आज कुणाची पत्रं फोडलीत?" "बार्बा, तुम्हाला बुजवायला माणूस कधी येणार?" पहिल्यांदा तेही हसले. नंतर त्यांनी दुकानात जाणे सोडले. आता ते अंगणात बसून असतात आणि बाळाकडे पाहत नाहीत. परवा पाठ फिरवूनच म्हणाले, "सूनबाई, पोराला दुसरं काहीही नाव ठेवा. माझं नको. गावाने ते पुसून टाकायचं ठरवलंय." मी बाळाला घेऊन आत गेले. त्याच्या दुधाची वेळ झाली होती.

६. माझ्यावर जी शिस्तभंगाची कारवाई चालू आहे, तिच्याबद्दल या अर्जात माझे काहीही मागणे नाही. नोकरी राहील किंवा जाईल, ते समितीने ठरवावे. त्रुटीला कृपया तिचा क्रमांक द्यावा, माझे नाव द्यावे, दुसरे काहीही द्यावे. अहवालात व फलकावर 'अर्गिरो' लिहिल्यास माझी हरकत नाही, आणि हा अर्ज त्याची लेखी संमती समजावा.

७. येत्या रविवारी बाप्तिस्मा आहे. आपल्याकडच्या जुन्या रिवाजाप्रमाणे आई चर्चबाहेर थांबते, आणि आत नाव उच्चारले गेले की मुले धावत येऊन तिला ते पहिल्यांदा सांगतात. मी थांबणार आहे. धर्मपिता आत कोणते नाव घेतील, हे आज घरात कोणालाच माहीत नाही. सासरे येणार नाहीत म्हणतात. चर्चला जाण्याचा आमचा रस्ता आपल्या फलकावरूनच जातो. शनिवारी संध्याकाळपर्यंत सूचना उतरली, तर मी त्यांना तेवढे दाखवायला चौकापर्यंत घेऊन येईन.

आपली नम्र,
अर्गिरो सकेल्लारीऊ
लिपिक (रजेवर), पाणीपुरवठा विभाग

गुरुवार, १६ मे

सोबत : सूचनेचे छायाचित्र, आपल्या उत्तराची प्रत, जन्मनोंदीचा उतारा (नावाचा रकाना कोरा).

ता. क. : उत्तर कृपया मेलवर पाठवू नये. द्रोसूलाबाईंच्या हाती द्यावे, त्या आमच्याच गल्लीत राहतात.