माझ्या सहीवर सुटलेला नातू

२ फेब्रुवारी २०२६, सोमवार

सही माझी, सातबारा माझा, आणि पहिला पेढा वकिलाच्या तोंडात! कोर्टाच्या पायरीवर बसलेली म्हातारी कुणाला दिसलीच नाही.

असो. अभिमन्यू घरी आला. इथल्या कोर्टानं पाच वर्षं दिली होती, अडीच महिने आत काढले. आता कोल्हापूरच्या हायकोर्टात अपील चालेपर्यंत जामिनावर बाहेर. आत राहून अंगानं भरलाय! वाळलो आम्ही.

मंजुनाथ वकिलानं पेढा गिळून मला बाजूला घेतलं. "आजी, हा सुटला नाही. शिक्षा नुसती थांबलीय. दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी. फिर्यादी गुरुसिद्धप्पाच्या गल्लीत अजिबात जायचं नाही. काही कमी-जास्त झालं तर जामीनदार म्हणून आधी तुम्हाला विचारतील."

म्हटलं, "म्हंजी गुन्हा त्याचा आन हजेरी माझी?"

३ फेब्रुवारी

जामीनदार मिळवताना काय तमाशा! कोंडीबा, माझा लेक, सगळ्या पाव्हण्यांच्या दारात जाऊन आला. एकाचा सातबारा सापडेना. दुसऱ्याची सही जुळत नाही म्हणे. सांगोल्याच्या व्याह्यांना तर अचानक दमा लागला — लग्नात हेच तीन ताटं जेवले होते. शेवटी आली म्हातारी कामाला. चौथी पास, पण सही येते.

५ फेब्रुवारी

चौकात बॅनर लागलाय. "भाऊ निर्दोष सुटले!" मधी आमचा भाऊ, भोवती अकरा गॉगलवाली तोंडं. त्या अकरांतला एकसुद्धा कोर्टात सहीला आला नव्हता.

विचारलं, "निर्दोष कोण म्हणालं रे?"

"आज्जे, जामीन काय आन निर्दोष काय, लोकांला एकच वाटतंय. तू कशाला सांगत फिरतीस?"

सूनबाई सोनाबाई लगेच मधी. "आत्या, पोरगं आत्ता कुटं हसायलंय. हसू द्या की."

हसा. पहिलं भांडणसुद्धा बॅनरवरनंच. ह्याचा वाढदिवस, बॅनर लावायचा, आणि तिथं गुरुसिद्धप्पाची इस्त्रीची गाडी उभी. हा म्हणाला, हटव. तो म्हणाला, कोळसा पेटलाय, जरा दम धर. दम धरायला ह्याला शिकवलंय कुणी! लोखंडी गजानं म्हाताऱ्याचा उजवा हात दोन जागी मोडला. त्या हातानं आता तांब्या उचलवत नाही, इस्त्री कुठली.

हे सगळं माहीत असून मी सही केली. नातू आहे. आणि वाटलं, अडीच महिन्यांत अक्कल आली असेल. माझीच अक्कल कुठं गेली होती!

८ फेब्रुवारी, रविवार

मिरवणूक! उघडी जीप, हलगी, भंडारा उधळून सगळा रस्ता पिवळा. सोनाबाईनं जीप थांबवून पोरावरनं लिंबू उतरवलं. ह्याला दृष्ट लागेल म्हणून!

जीप गुरुसिद्धप्पाच्या गल्लीत घातली. दारासमोर उभी करून हलगी वाजवली, चांगला पाव तास. घरी आल्यावर विचारलं, "तितं जायचं न्हाय असं कोर्टानं लिवलंय का न्हाय?"

"मी गेलोय कुटं? जीप गेली. मी खाली उतरलोच न्हाय की!"

कोंडीबा हसला. बापाला पोराची हुशारी वाटली.

९ फेब्रुवारी

हजेरीचा वार. आमचे नातूसाहेब दहापर्यंत झोपलेले. दोनदा पाणी मारलं तेव्हा गेले.

११ फेब्रुवारी

पिठाच्या गिरणीत मल्लव्वा. गुरुसिद्धप्पाची बायको, माहेर अक्कलकोटकडचं. खटला सुरू झाल्यापासनं आम्ही दोघी एकाच रांगेत उभ्या राहतो आणि बोलत नाही. आज तिनं डबा खाली ठेवला. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत.

"तानाव्वा, हलगी वाजली आन आमचा म्हातारा कॉटखाली शिरला. भायेर येईनाच. गाडी काढतो म्हनतंय, मारू नगा, गाडी काढतो. गाडी तर कवाच विकली की गं."

गिरणीवाला म्हणाला, आजी, तुमचा नंबर. दळण टाकलं आणि पट्ट्याकडं बघत बसले.

१२ फेब्रुवारी

जेवताना अभिमन्यूला सांगितलं. कॉटखालचं सगळं सांगितलं. म्हटलं, वकिलाला विचार, चार माणसं मधी घाल, आणि माफी माग.

"माफी मागितली म्हंजी गुन्हा कबूल. माजं अपील पाडतीस व्हय?" मग भाकरी मोडत, हसत — "येकदा अपिलात सुटू दे, आज्जे. त्याचा दुसरा हात शिल्लक हाय अजून."

कोंडीबानं ताटात कालवण वाढून घेतलं. सोनाबाईनं पोराला आणखी एक भाकरी वाढली.

१३ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. म्हातारपण, दुसरं काय.

१६ फेब्रुवारी, सोमवार

अभिमन्यू हजेरीला गेला, मी कोर्टात. बाहेरच्या टायपिंगवाल्याकडनं अर्ज करून घेतला — दिलेला जामीन मी माघारी घेते. कारकून म्हणाला, "आजी, दुसरा जामीनदार नाही मिळाला तर नातू परत जेलात जाईल." म्हटलं, "म्हाइत हाय. सही कुटं करू?"

आता घरात बोंब होईल, का केलं म्हणून. मला विचारायचं नाही. मल्लव्वाच्या दारात कुणी फिरकायचं नाही. अभिमन्यूला समोर बसवा आणि त्याला विचारा. उत्तर त्यानंच द्यायचं.