वजा तीस

१४ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळचे दहा

चि. भिंगऱ्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. लेकीची बदली रद्द झाली, त्यामुळे ती घरातच आहे आणि माझ्या पानातल्या मिठावर पहारा देते आहे. गॅलरीतला नळ अखेर दुरुस्त झाला. प्लंबर तीन वेळा आला, दोन वेळा पाना विसरला.

तुझी खुशाली विचारत नाही. ती काल तुझ्या बायकोने, आपल्या धाकटीने, फोनवर सांगितली. तू सांगितली नाहीस. पाच दिवस झाले म्हणे. दुकानात बसला होतास, उजव्या डोळ्याला भिंग, चिमट्यात एका नाजूक घड्याळाचा स्क्रू, आणि एकदम समोर धूर धरल्यासारखं झालं. तू काय केलंस? भिंग पुसलंस. एकदा नव्हे, तीनदा! मग तेच भिंग डाव्या डोळ्याला लावून घड्याळ पुरं केलंस, गिऱ्हाइकाच्या हातात दिलंस आणि घरी येऊन बायकोला म्हणालास, "दुकानातला दिवा बदलायला हवा." धन्य आहे तुझी.

बिचारी तुला ओढत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डोळ्याच्या मागच्या पडद्यावरची एक बारीक शीर तुंबली आहे आणि रक्त पसरलं आहे, असं ते म्हणाले. तिथेच प्रेशर घेतलं, वरचं एकशे बहात्तर, खालचं एकशे चार. यावर तू त्यांना जे ऐकवलंस तेही तिने मला शब्दशः सांगितलं. "तुमचं मशीन जास्त दाखवतं, डॉक्टर. माझं प्रेशर एकशे तीसच्या आसपास असतं. माझी बहीण वजनमापं तपासणाऱ्या खात्यात बत्तीस वर्षं होती. तिने तपासून दिलेलं मशीन आहे माझ्या घरी."

डॉक्टर म्हणाले, "मग तुमचा डोळा खोटं बोलतोय का?"

आणि तू हसलास! गोळ्यांचं पाकीट तेव्हापासून न फोडता कपाटावर पडलं आहे. शुक्रवारी डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं ठरलं आहे. त्याला तू तयार, पण प्रेशरच्या गोळीला नाही. म्हणजे डोळ्यात सुई चालेल, पण पाण्याबरोबर वाटाण्याहून लहान वस्तू गिळणं हा अपमान! भिंगऱ्या, तू एकसष्ट वर्षांचा आहेस की सहा?

डोकं दुखत नाही, गरगरत नाही, दोन जिने दमादमाने का होईना चढतो, मग प्रेशर कुठून असणार, हे तुझं शास्त्र. तूच गिऱ्हाइकांना सांगतोस ना, टिकटिक ऐकू येते म्हणजे वेळ बरोबर आहे असं नव्हे? घड्याळ दिवसाला चार मिनिटं मागे पडत असतं आणि आवाज तोच असतो. प्रेशरचंही तसंच. ते दुखत नाही, खुपत नाही, आत गुपचूप काम करत राहतं. वरचा आकडा हृदय रक्त ढकलतं तेव्हाचा, खालचा ते विसावतं तेव्हाचा. दोन्ही वर राहिले की नळ्यांना विश्रांती म्हणून नाही. नळ्या कडक होतात, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, आणि आधी भोगतात त्या केसाएवढ्या नळ्या. त्या डोळ्यात असतात, मूत्रपिंडात असतात, मेंदूत असतात. तुझी डोळ्यातली तुंबली. मेंदूतली तुंबली असती तर भिंग पुसायला हातच उचलला गेला नसता.

हे सगळं मला कसं ठाऊक, असं तू विचारशील. विचार. थोड्या वेळाने सांगते.

तुला आपल्या वडिलांचं भिंतीवरचं घड्याळ आठवत असेल. दहा मिनिटं पुढे. मुद्दाम लावलेलं, कुणाला उशीर होऊ नये म्हणून. घरात येणारा प्रत्येक माणूस पाहायचा आणि मनात दहा वजा करायचा, आणि उशीर व्हायचा तो व्हायचाच. एकदा वडिलांनीच ते गुपचूप बरोबर लावलं. आपण सगळ्यांनी सवयीने दहा वजा केले, त्यांनी स्वतःही, आणि त्यांची गाडी चुकली. तू पोट धरून हसला होतास. आपल्या घरात समोर दिसणारा आकडा आहे तसा कुणी वाचलाच नाही. तुला घड्याळांचा धंदा आणि मला मापं तपासायची नोकरी मिळाली, ते उगाच नव्हे.

दुपारचे साडेबारा. मघाशी इथवर लिहून उठले. लेकीने वाचायला मागितलं, दिलं. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आई, सगळं खरं आहे. फक्त खरं ते लिहिलं नाहीस."

तिच्याशी वाद घालून उपयोग नसतो. माझ्यावरच गेली आहे.

तर ऐक. ते मशीन मी तीन वर्षांपूर्वी घेतलं. पहिल्या दिवशी माझा आकडा आला एकशे चौसष्ट. मला काही होत नव्हतं. मग मशीनच चुकीचं, असं मी ठरवलं. नोकरीत असताना कार्यालयाच्या दवाखान्यात माझं प्रेशर एकशे चौतीस भरलं होतं, तो कागद माझ्या फायलीत होता. दहा वर्षांपूर्वीचा! चौसष्टातून चौतीस गेले, राहिले तीस. तेवढ्यावर मी कागदाची पट्टी कापली, तिच्यावर लिहिलं "वजा ३०", खाली सही केली, तारीख टाकली आणि मशीनला चिकटवली. दुसऱ्या कुठल्याही मशीनशी ताडून पाहिलं नाही. माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला खुर्चीत बसू दिलं नसतं. बाई दहा वर्षांनी म्हातारी झाली असेल, ही शक्यता मापं तपासणाऱ्या बाईला सुचली नाही.

पुढच्या वर्षी तुला दुकानात चक्कर आली तेव्हा मी तेच मशीन तुला दिलं. वर ऐटीत सांगितलं, "तीस वजा करायचे, मी तपासलंय." तू तेव्हा गोळी घेत होतास. महिनाभर वजाबाकी करून तू म्हणालास, "ताई, एकशे तीसच येतंय. बंद करू?" मी म्हटलं, "मग कशाला उगाच औषधं खातोस?"

हे माझे शब्द. तुला आठवत असतील. मला आठवतात.

मागल्या वर्षी लेकीने माझ्यासाठी नवं मशीन आणलं. त्याच्यावर एकशे बासष्ट. मी म्हटलं, "हेही बिघडलेलं." ती म्हणाली, "आई, जगातल्या सगळ्या मशीनांनी तुझ्याविरुद्ध कट केलाय का?" मग तिने मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पाच मिनिटं गप्प बसवलं, पाय जमिनीला टेकवायला लावले, दंड छातीच्या उंचीवर, बोलणं बंद. आकडा तोच. मी पट्टीची गोष्ट सांगितली तेव्हा त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वर जे लिहिलं ते सगळं ज्ञान त्यांचं. अकरा महिने झाले, मी रोज सकाळी गोळी घेते.

आणि अकरा महिने मी तुला सांगितलं नाही.

दर रविवारी तू फोनवर रुबाबात म्हणायचास, "ताई, एकशे अठ्ठावीस!" मी मनात तीस मिळवायचे. एकशे अठ्ठावन्न. आणि तोंडाने म्हणायचे, "बरं. मीठ कमी खा." किती रविवार झाले ते मला पक्कं माहीत आहे. प्रत्येक वेळी वाटायचं, पुढच्या रविवारी सांगू. मग तू हसायचास, तुझी ताई म्हणजे केवढी अधिकारी असं धाकटीला ऐकू जाईल एवढ्यानं बोलायचास, आणि मी फोन ठेवून द्यायचे. म्हणून आज फोन नाही, पत्र.

एका दुकानदाराचं वजन मी जप्त केलं होतं, तळाला छिद्र पाडून शिसं काढलेलं. तो रडत म्हणाला, "बाई, चूक झाली." मी म्हटलं, "चूक पहिल्या दिवशी होते. दुसऱ्या दिवसापासून ती लबाडी." सगळ्या बाजारासमोर म्हटलं. आता त्याच्या जागी कोण उभं आहे ते मी पाहते आहे, तर मीच.

माझी चूक आहे म्हणून तुझा हट्ट बरोबर ठरत नाही, एवढं लक्षात ठेव. एकशे बहात्तर म्हणजे एकशे बहात्तर. त्यातून काहीही वजा होत नाही. उजव्या डोळ्याला किती दिसेल ते शुक्रवारनंतर कळेल, पूर्ववत होईलच असं डॉक्टर म्हणालेले नाहीत. डावा अजून शाबूत आहे. भिंग लावायला तुझ्याकडे तेवढाच एक आहे. पाकीट आज फोड. हे पत्र वाचून खाली ठेवायच्या आत फोड, आणि दोन दिवस आकडा चांगला आला म्हणून परत कपाटावर ठेवू नकोस. आकडा चांगला येतो तो गोळीमुळे.

रागव. रागवायलाच हवंस. पण तो राग माझ्यावर काढ, गोळीवर काढू नकोस.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने मी येते. स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस, रस्ता मला माहीत आहे. दवाखान्यात तुझ्या शेजारी बसेन आणि त्या डॉक्टरांना काय झालं ते तुझ्यादेखत माझ्या तोंडाने सांगेन. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. प्रेशर घेताना नाहीतरी गप्पच बसायचं असतं.

धाकटीला आशीर्वाद. तिने फोन केला नसता तर मी पुढच्या रविवारीही "बरं" म्हटलं असतं, हे तिला सांग.

अजूनही म्हणत असशील तर,
तुझी
ताई