पिंपातला बेसबॉल

लातूर, ११ ऑगस्ट २०२४

चि. उज्वलास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. वसतिगृहामागची टेकडी चढल्याशिवाय तुझा फोन लागत नाही, आणि चढलीस की धाप लागून तुला बोलता येत नाही, तेव्हा पत्रच बरं. आईलाही तेच आवडतं. फोनवर तू तिला दोन मिनिटांत गुंडाळतेस. पत्र ती माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेते.

तुझ्यासारख्या विज्ञानाच्या मॅडमच्या गळ्यात बेसबॉलचा संघ पडला हे वाचून मी दुकानात एकटाच हसत सुटलो. झेरॉक्स काढायला आलेलं गिऱ्हाईक दचकलं. मी कॉलेजात खेळलो म्हणून तू सोप्या मराठीत नियम लिहून मागितलेस, पण नियम म्हटले की माझा हात चालत नाही. त्याऐवजी माझ्या कादंबरीची पहिली प्रकरणं पाठवतोय. सगळा खेळ त्यात आहे.

शनीच्या एका चंद्रावर बर्फाची खाण आहे आणि तिथल्या कामगारांची वस्ती वर अंतराळात, एका अवाढव्य फिरत्या पिंपात आहे. पिंपाच्या आतल्या अंगाला चहूकडे घरं. सुटीच्या दिवशी तिथं बेसबॉल रंगतो. उंच मारलेला चेंडू परत येत नाही, डोक्यावरच्या वस्तीत जातो, आणि तिथं आपल्याला उलटा दिसणारा गडी तो झेलतो. बाकी पिचर, कॅचर, तीन बेस, धावत होमला येणं, सगळं आपल्यासारखंच. एक नियम तेवढा माझ्या पदरचा. पिंपातली हवा कधीही विरळ होते. कुणी श्वास कोंडून पडलं, तर जो सगळ्यात जवळ असेल त्यानं, मग तो कुठल्या का संघाचा असेना, खेळ सोडून त्याच्याजवळ बसायचं. तेवढ्या वेळात कुणी कुणाला बाद करायचं नाही.

आई विचारते, पिंपात ऊन नाही तर बाया पापड कुठं वाळवतात. आता त्यासाठी पिंपाला एक खिडकी पाडावी लागणार.

कळावे. भावावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा, रामलिंगदादा


किनवट, २२ सप्टेंबर २०२४

ती. रामलिंगदादास,
सा. न. वि. वि.

नियम मागितले तर अख्खं अंतराळ पाठवलंस. तुझ्याकडून दुसरी अपेक्षाही नव्हती. पण खरं सांगू, उपयोग झाला. जेवणं उरकली की पोरी व्हरांड्यात बसून मोठ्यानं वाचतात. मैदानाला त्या आता पिंपच म्हणतात. पहिले काही दिवस उंच चेंडू आला की वर बघून हसायच्या आणि तो खाली येऊन आपटायचा. इथं तो खाली येतो, हे मला रागावून सांगावं लागलं.

आमची भिस्त गौरम्मावर आहे. दहावीत आहे, घरी तेलुगू बोलतात, पायांत नुसतं वारं भरलंय. आईबाप नाहीत, आजीनं वाढवलं. आमचं वसतिगृह दहावीपर्यंतच. पुढे तिच्या गावाजवळ कॉलेज नाही. लातूरच्या एका कॉलेजात राज्य पातळीवर खेळलेल्या मुलींची राहायची सोय होते, त्यामुळे नांदेडचे विभागीय सामने जिंकून राज्यावर जाणं एवढी एकच वाट तिला आहे. आजी, कोंडाबाई, परवा भेटायला आल्या होत्या. त्यांचं म्हणणं, पोरगी शिकू द्या, व्हय, पण परक्या गावात तिला बघणारं कोण हाय, सोय झाली तर ठीक, न्हाईतर ती घरी येईल. त्यांचंही काय चुकलं?

मी संघापेक्षा या एका पोरीच्याच काळजीनं रोज मैदानावर उभी असते. पुढची प्रकरणं लवकर पाठव, पोरी माझा जीव खातात. आईला सांग, मी वेळेवर जेवते.

बहिणीची आठवण असू दे.
तुझी, उज्वला


किनवट, ३० नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आम्ही हरलो. तुझ्यामुळे हरलो. रागानं लिहितेय, पण लिहिणारच.

अंतिम सामना लातूरच्या संघाशी होता. शेवटच्या डावात बरोबरी, आमचे दोन बाद, गौरम्मा तिसऱ्या बेसवर. आमच्या पोरीनं चेंडू मारला आणि गौरम्मा होमकडे सुटली. तिकडून फेकलेला चेंडू टप्पा खाऊन होमवर उभ्या असलेल्या त्यांच्या कॅचरच्या, सादिया नावाच्या मुलीच्या, गळ्यावर बसला आणि लांब गेला. ती पडली. होम गौरम्मापासून एका पावलावर. तिनं नुसता पाय टेकवला असता तर आम्ही जिंकलो होतो. आणि ही बया सादियाजवळ बसली! तिच्या तोंडावरची जाळी सोडवली, तिला उठवून बसवलं, पाठ चोळत राहिली. त्यांच्या पिचरनं चेंडू उचलून आणला आणि गौरम्माच्या खांद्याला लावला. बाद. बरोबरीतच डाव संपला, मग जादा डावात त्यांनी धाव काढली, आम्हाला काढता आली नाही.

सादियाला थोड्या वेळानं नीट श्वास येऊ लागला, तेवढं बरं झालं. पण माझ्या पोरी ढसाढसा रडल्या. गौरम्माला मी सगळ्यांसमोर विचारलं की तुला पिंपातला नियम इथला वाटला का. तिनं मान खाली घालून हो म्हटलं. तो नियम इथं नाही हे मी सांगितलं होतं, पण एकदाच, आणि तेव्हा निम्म्या पोरी पाणी भरायला गेल्या होत्या. पोरी तिला काही बोलल्या नाहीत. उलट परतीच्या गाडीत तिलाच समजावत होत्या, की चूक पुस्तकाची आहे.

आता दहावी झाली की ती गावी जाईल. मला रात्रीचं जेवण जात नाही, दादा.

तुझी, उज्वला


लातूर, ८ डिसेंबर २०२४

चि. उज्वलास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आईला वाचून दाखवताना मी अर्ध्यावरच कागद खाली ठेवला. आईनं पाणी दिलं आणि उरलेलं वाच म्हणाली. तू लिहिलंस त्यातला शब्दही मला खोडता येत नाही. मी साधे नियम लिहून पाठवले असते तर ती पोर आज राज्यावर गेली असती. नियम कादंबरीतून काढून टाकतोय. बसल्या जागी सुचलेली ती गोष्ट, तिच्यापायी एका मुलीचं शिक्षण जावं हे मला सहन होत नाही.

दुसरं असं, आईनं ठरवलंय की गौरम्मानं अकरावीला आपल्याकडे राहावं. मी ठरवलंय म्हणणार होतो, पण आईनं आधीच म्हणून टाकलं. कॉलेज घरापासून चालत जाण्याजोगं आहे. कोंडाबाईंना सांग, घरात आई आहे, शेजार चांगला आहे. तिला भात लागतो की भाकरी चालते, हे आईनं खास विचारायला सांगितलंय. गौरम्माला हे तूच नीट समजावून सांग. माझ्या चुकीची ही भरपाई आहे, तिच्यावर कसले उपकार नाहीत.

रात्रीची जेवत जा. राग उतरला की कळव.
तुझा, रामलिंगदादा


किनवट, १५ डिसेंबर २०२४

ती. रामलिंगमामांस,
गौरम्माचा नमस्कार.

मॅडमचे तुम्ही भाऊ, म्हणून मामा लिहिलं. रागावू नका. तुमच्या घरी राहण्याचं मॅडमनी सांगितलं. मी रडले. आजीला अजून कळवलेलं नाही, कारण आधी तुम्हाला एक सांगायचं आहे.

तुम्ही चुकलात असं मॅडमना वाटतं आणि तुम्हालाही वाटतं. तसं नाही. मॅडमनी पिंपातल्या नियमाचं सांगितलं तेव्हा मी पाणी भरायला गेले नव्हते. मी समोरच बसले होते. तो नियम इथं नाही हे मला माहीत होतं. होमला पाय लावला की जिंकलो, हेही माहीत होतं. सादियाचा चेहरा मला दिसला. बाकी सगळ्यांचं लक्ष चेंडूवर होतं. मग माझ्यानं पुढं जाववलं नाही.

मॅडमनी विचारलं तेव्हा मी हो म्हटलं, कारण आमच्या पोरी लई रडून राहिल्या होत्या. चुकून झालं म्हटल्यावर त्यांनी मला जवळ घेतलं. कळून केलं म्हटलं असतं तर त्यांना वाटलं असतं, हिला आपल्यापेक्षा ती मुलगी जवळची. तसं नव्हतं मामा. मॅडमना हे सांगू नका. त्या फार थकल्यात.

तुमची चूक नाही, मग भरपाईही नाही. हे वाचून तुम्ही नको म्हणालात तरी मला वाईट वाटणार नाही. थोडं वाटेल. मी भाकरी खाते, भातही खाते.

तुमच्या आईंना, म्हणजे आजींना, नमस्कार सांगा.
आपली, गौरम्मा


लातूर, २१ डिसेंबर २०२४

चि. गौरम्मास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. उज्वलाला काही कळवलेलं नाही, कळवणारही नाही. काढून टाकलेला नियम कादंबरीत परत लिहिला.

जूनपर्यंत थांबायचं कारण नाही. नाताळच्या सुटीत तुझ्या आजींना घेऊन ये, त्यांना घर बघू दे. नांदेडहून अहमदपूरमार्गे येणारी लातूर गाडी धर. मी स्टँडवर उभा असेन. आईनं मधली खोली रिकामी करायला घेतली आहे.

तुझा, मामा