शिकारीचं रान विकणे आहे

स्टॅनमोर,
२२ सप्टेंबर २०२४

ती. मधुमतीवहिनींस,
विष्णूचा सा. न. वि. वि.

तुमच्या रानात फोनला रेंज नाही आणि ईमेल तुम्ही उघडत नाही, म्हणून साठी उलटल्यावर पुन्हा हाताने पत्रं लिहायची वेळ आली. आशा म्हणते, नवऱ्याने कोंबडीचे पाय काढलेत. सांभाळून घ्या.

मुद्द्याचं लिहितो. फ्रान्समधल्या त्या घराला आणि दोनशे एकर जंगलाला अखेर गिऱ्हाईक मिळालंय. दादाने बर्मिंगहॅमचं घर विकून माझ्या भागीदारीत हे शिकारीचं रान घेतलं आणि शिकार मात्र बंद ठेवली. हे कोडं तो असतानाही मला सुटलं नाही. आता त्याला जाऊन दीड वर्ष झालं. तिथे हयातभर राहायचा हक्क तुमचा आहे, तेव्हा तुमच्या सहीशिवाय विक्री होत नाही. सही करा आणि आमच्याकडे राहायला या. बागेकडची वरची खोली तनूचं लग्न झाल्यापासून रिकामीच आहे. ती तुमची.

अडचण एकच. गिऱ्हाईक शिकारी आहे आणि दोन खेपांत त्याला एकही हरीण दिसलं नाही. तुमच्या हाकेला ती रोज येतात ना? १९ ऑक्टोबरला, शनिवारी, तो येईल तेव्हा तेवढी हाक मारा. त्याला खिडकीतून नुसतं बघायचंय.

आमच्यावरचा लोभ आहे त्याहून वाढावा.

तुमचा,
विष्णू

---

रानातून,
२ ऑक्टोबर २०२४

चि. विष्णूभाऊजींस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर खरंच भयंकर आहे. 'खोली' शब्द मी तीनदा वाचला, तोही चष्मा पुसून. तीनदा वाचण्यासारखाच होता म्हणा.

हरणांचं विचारलंत. आपल्याकडे जेवायच्या आधी गोग्रास काढतात, तो मी कधी सोडला नाही. बर्मिंगहॅमला गाय कुठली मिळायला, तिथे कबुतरांवर भागवलं. इथे एक हरिणी आली. तिचं नाव ठमी. पाठोपाठ तिचं सगळं गणगोत. आल्याबरोबर भिंतीवरची शिंगवाली मुंडकी मी काढायला लावली होती आणि ह्यांनी बंदुकीला मनाई केली. नऊ वर्षांत त्या मुक्या जिवांनी इथे बार ऐकलेला नाही. ह्यांच्यामागे मराठीत बोलायला मला तीच उरली आहेत. गेल्या जानेवारीत तेरा दिवस माणसाचं तोंड दिसलं नाही, तेव्हा मी ठमीला सोलकढीची कृती सांगितली.

मला माणसांत यायचंय, भाऊजी. सही करीन. शनिवारी हाकही मारीन, पण नुसतं बघायचं हं. आशाला सांगा, सकाळचा चहा माझ्याकडे लागला.

सर्वांना यथायोग्य सांगावे, माझी आठवण ठेवावी.

मधुमती

---

रानातून,
२० ऑक्टोबर २०२४

चि. विष्णूभाऊजींस,
आशीर्वाद.

काल अकराला मी पोळी घेऊन कुरणाच्या कडेला गेले आणि हाक मारली. चौदा आली. पाहुणे चौघे वरच्या खिडकीत होते. बघताहेत ना नीट, म्हणून मी मागे वळून हसलेसुद्धा.

पहिला बार झाला तेव्हा मला वाटलं, छपराचं काहीतरी कोसळलं. एक नर जागच्या जागी बसला. बाकीची उधळली. ठमी उधळली नाही. ती माझ्याकडे धावत आली, माझ्या मागे लपायला. खिडकीतून त्यांनी मला बाजूला व्हायची खूण केली आणि मी झाले. का झाले ते मला विचारू नका. कालपासून मी स्वतःला तेच विचारते आहे.

नंतर ते खाली आले, माझे दोन्ही हात धरून आभार मानले. तुमच्या दिरांनी सांगितलं होतं अगदी तसंच झालं, म्हणाले.

लोभाचं आज लिहीत नाही.

मधुमती

---

स्टॅनमोर,
३ नोव्हेंबर २०२४

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

हो, मला ठाऊक होतं. सांगितलं असतं तर तुम्ही हाक मारली नसती, म्हणून नाही सांगितलं. ते शिकारीचं रान आहे, वहिनी, प्राण्यांचा आश्रम नव्हे. गिऱ्हाईक बेहद्द खूश आहे.

रागावून तिथेच राहीन म्हणाल, तर खुशाल राहा. पण आता त्या कुरणावर कुणाला हाक मारणार आहात? सोबत कागद आहेत. सही करून उलट टपाली धाडा. खोलीला रंग देऊन घेतोय. रंग कोणता हवा तेही कळवा.

राग निवळावा, माया राहावी.

विष्णू

---

स्टॅनमोर,
१२ जानेवारी २०२५

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

बेसिंगस्टोकच्या वृद्धाश्रमात रुळलात ना? आशाच्या गुडघ्यांमुळे खोलीचं लांबलं, याचं मलाही वाईट वाटतं. पण तिथे लिफ्ट आहे, नर्स आहे, वेळेवर जेवण आहे. आम्हालाच हेवा वाटतो.

एक काम होतं. पक्की विक्री फेब्रुवारीअखेरीस आहे आणि गिऱ्हाईक व्यवहार मोडायची भाषा करतंय. त्या दिवसानंतर उरलेली हरणं झाडीबाहेर येतच नाहीत. त्याच्या माणसांनी पोळ्या टाकून पाहिल्या, ओरडून पाहिलं. त्याचं म्हणणं, तुमची हाक फोनवर रेकॉर्ड करून मिळाली तर भोंग्यावर वाजवता येईल. तेवढी पाठवा. मग १ फेब्रुवारीला, शनिवारी, मी स्वतः गाडी घेऊन येतो आणि तुम्हाला कायमची घरी नेतो. आशाला मी समजावतो.

तुमचा हात डोक्यावर असू द्या.

विष्णू

---

बेसिंगस्टोक,
२४ जानेवारी २०२५

चि. विष्णूभाऊजींस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इथे येऊन सात आठवडे झाले. माणसं चांगली आहेत. माझं नाव कुणाला घेता येत नाही, म्हणून डार्लिंग म्हणतात. परवा जेवताना मी चुकून मराठीत मीठ मागितलं, तर बाईला काही झालं की काय म्हणून नर्सला बोलावून आणलं.

आवाज पाठवला आहे. इथल्या मुलीने फोनवर रेकॉर्डिंग लावून दिलं आणि ती बाहेर गेली. आधी मी म्हटलं, येऊ नका गं, पळा. मग ते वाजवून ऐकलं. त्यांना शब्द कुठे कळतात? सूर माझाच होता, त्यालाही ती आली असती. मग ते पुसलं आणि नेहमीसारखी, चांगली मोठ्याने हाक मारली. तीच तुम्हाला पाठवली.

शनिवारी दहापासून मी बॅग घेऊन खाली दारापाशी बसते. ट्रॅफिक असला तर उशीर होऊ द्या, पण या.

घरात थोडी जागा आणि थोडा लोभ असू द्यावा.

तुमची वहिनी,
मधुमती