तळ्याकाठच्या वहीतलं शेवटचं पान

प्रिय दादा,

काल दुपारी मीराने मला एक फोटो पाठवला. स्टुगातल्या वहीच्या शेवटच्या पानाचा. खाली तिचा व्हॉइस मेसेज, अगदी खुशीत: "आत्या, मला आता अक्षर येतात! दुसरा ओळीत चिमी लिहिलाय. चिमी म्हणजे तूच ना?"

हो ग बाई, मीच. पण मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही. फोन पालथा घालून ठेवलाय. आधी तुला लिहितेय, कारण त्या पानावर काय आहे हे जगात फक्त तुला आणि मला माहीत आहे, आणि तुला जाऊन चौदा महिने झाले.

तू होतास तेव्हा शनिवारच्या मराठी शाळेचं नाव काढलं की तुझ्या लेकीच्या पोटात दुखायचं. आता लीड्समध्ये पाच-सहा वर्षांच्या चिल्ल्यापिल्ल्यांमध्ये बसून तेरा वर्षांची घोडी बाराखडी घोटते. का? तर "बाबाचा वही मलाच वाचायचा आहे." आणि घाई कसली, तर तुझी आनिका स्टुगा विकतेय. शुक्रवारी सह्या आहेत.

स्टुगा! हा शब्द तू पहिल्यांदा लंडनला, आईच्या एजवेअरच्या घरी आणलास तेव्हा आईला वाटलं होतं, सूनबाईंचं स्वीडनमध्ये फार्महाऊस आहे. तू म्हणालास, "नाही ग, झोपडीच म्हण. लाल रंगाची, लाकडाची. तिच्या आजोबांनी बांधलीय. नळ नाही, पंप हापसायचा. संडास बाहेर, झाडीत." आईने कपाळाला हात लावला. "चाळीतला बाहेरचा संडास सुटावा म्हणून इंग्लंडला आलो, आणि हा विमानाने बाहेरचा संडास शोधायला निघाला!" किती हसलो होतो आपण.

मी एकदाच आले तिकडे. चार दिवसांत डास आणि ती गार आंघोळ पुरे झाली मला. पण तू? लीड्समध्ये बल्ब बदलायला चार वेळा सांगावं लागायचं तुला, आणि तिथे सकाळी उठून कुऱ्हाड घेऊन लाकडं फोडत होतास. शेपू घातलेले बटाटे आणि ते आंबूस खारवलेले मासे मिटक्या मारत खात होतास. अख्खा जुलै तिथे. सगळे फोन बिस्किटांच्या डब्यात बंद, कारण रेंज नाहीच. कुणाला फोन करायचाच झाला तर सायकल काढून चर्चच्या टेकडीवर जायचं.

आणि दाराजवळ खिळ्याला टांगलेली ती वही. तळ्याचं पाणी किती डिग्री, काय रांधलं, कोण येऊन गेलं, ते रोज एकाने लिहायचं. आनिकाच्या आजोबांपासून चालत आलेली पद्धत, भरलेल्या वह्यांनी फळी वाकलेली. आनिका स्वीडिशमध्ये लिहायची, मीरा इंग्लिशमध्ये, आणि तू मराठीत. "कोण वाचणार रे हे?" मी विचारलं होतं.

आता गेल्या वर्षीच्या जुलैचं बोलू. बोलायलाच हवं.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं गेलं आणि नेमकं जुलैत आलं. मी म्हटलं, दादा, या वर्षी नको जाऊस. तू म्हणालास, तिकिटं काढलीत, ऑगस्टमध्ये येऊन मी सगळं बघतो. मग साउथहॅम्प्टनहून दुकानातून रजा काढून मीच गेले. आईला बाथरूमला नेणं, रात्रीच्या गोळ्या, फिजिओच्या नावाने तिचं कोकलणं, सगळं एकटीने. तुझ्यावर इतकी चिडले होते ना! घरात लेक आहे म्हणून लेकाने खुशाल तळ्यात डुंबायचं?

रजा संपवून मी परत दुकानात उभी राहिले, त्याच दिवशी तुझा फोन आला. काउंटरसमोर रांग होती.

"चिमे, छातीत भरल्यासारखं होतंय ग कालपासून."

मी काय म्हटलं ते तुला पाठ असेल. मला तर आहेच. "खा अजून खारवलेले मासे! पित्त झालंय तुला. आईची चौकशी करायला टेकडी चढवत नाही, आणि पित्त झालं की बरी आठवते बहीण."

"पाठीत पण दुखतंय जरा."

"लाकडं फोडलीस ना?"

"फोडली."

"मग? एक अँटासिड घे आणि झोप काढ. ठेवते मी, लोक उभे आहेत."

"बरं," म्हणालास. तुला धाप लागली होती. मला वाटलं, सायकलने चढलायस म्हणून.

दादा, मी केमिस्ट आहे. छातीवर हात ठेवून कुणी परका माणूस काउंटरशी आला तर मी त्याला पित्ताची गोळी देण्याआधी विचारते: हात दुखतो का, जबड्याकडे जातं का, घाम फुटला का, चालल्यावर वाढतं का. एकाचं जरी उत्तर हो आलं तरी खुर्चीत बसवून अँब्युलन्स बोलावते. बावीस वर्षं हे करतेय. तुला एकही प्रश्न विचारला नाही. तुला विचारायचं नव्हतंच, तुला सुनवायचं होतं.

आणि तू रे? छातीत दुखत असताना सायकल मारत टेकडीवर जाण्याइतकं कळलं, मग तिथून अँब्युलन्ससाठी एकशेबारा फिरवायला काय झालं होतं? मला कशाला केलास फोन? आपल्या घरात शिंक आली तरी चिमीला विचारा, ही कसली सवय लावून घेतली होती आपण!

दुसऱ्या दिवशी सकाळी आनिका आणि मीरा जंगलात ब्लूबेरी वेचायला गेल्या. परत आल्या तेव्हा तू लाकडांच्या ढिगापाशी पडला होतास. मग आनिका धावत टेकडीवर गेली. अँब्युलन्सला यायला जो वेळ लागला, त्यात काही उरलं नाही.

तुला लीड्सला आणलं. फ्युनरलच्या आधी आनिका ती वही घेऊन माझ्याकडे आली. चेहरा नुसता राखेसारखा झाला होता तिचा. शेवटचं पान उघडून म्हणाली, "चिमी, व्हॉट डज इट से?"

तुझ्या अक्षरात लिहिलं होतं: "छातीत भरून येतंय कालपासून. टेकडीवर जाऊन चिमीला फोन केला. पित्त आहे म्हणाली, झोप काढ म्हणाली. ती म्हणतेय तर तेच असेल. आनिकाला सांगितलं नाही, उगाच घाबरेल. तळं एकोणीस."

मी वाचलं. एकदा, दोनदा. आणि तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "तो लिहितोय, तळ्याचं पाणी छान आहे, मीरा खूश आहे, असे उन्हाळे पुन्हा पुन्हा येवोत."

कुठून सुचलं मला ते? जीभ झडली नाही माझी! तिने माझे हात धरले, थँक यू म्हणाली. ते वाक्य तिने तुझ्या फोटोखाली कार्डावर छापलं. क्रेमेटोरियममध्ये लोक वाचून रडत होते.

त्यानंतर गप्प राहणं फार सोपं गेलं, हेच वाईट आहे. आई म्हणते, "त्या बाईच्या झोपडीने माझा मुलगा गिळला. लीड्समध्ये असता तर दहा मिनिटांत हॉस्पिटलात असता." माझ्या देखत म्हणते, फोनवर नातेवाइकांना म्हणते, आणि मी शेजारी बसून चहा पिते. आनिकाने आईच्या वाढदिवसाला फुलं पाठवली, ती आईने सरळ बिनमध्ये टाकली. मी बिनचं झाकण लावलं. मीरा वर्षभर आजीकडे आलेली नाही.

आणि आनिकालाही आईचं म्हणणं खरं वाटतं. तीच मला म्हणाली, "इतकी वर्षं शेजारी झोपले, आणि त्याला दुखतंय हे मला कळलं नाही. मी त्याला त्या जंगलात नेलं." म्हणून विकतेय ती. आजोबांनी बांधलेलं घर, वह्यांची फळी, तुझी कुऱ्हाड, सगळं. आणि मला विचारत होती, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, जसं तुला योग्य वाटेल तसं.

खरं सांगू? मला भीती वाटते. आईची सगळ्यात जास्त. ती आता मलाच धरून चालते रे, घरातसुद्धा. हे कळल्यावर ती माझा हात धरेल का? मीरा मला आत्या म्हणेल का? माहीत नाही. पण ती पोरगी एकेक अक्षर लावत त्या पानावर पुढे सरकतेय. तिने एकटीने तिथपर्यंत पोचायचं, आणि मग ते आनिकाला तिने सांगायचं? तेरा वर्षांच्या मुलीने? तेवढी नीच नाही मी अजून.

म्हणून तुला वचन देते. उद्या सकाळच्या ट्रेनने लीड्सला जातेय, शुक्रवारच्या आधी. आनिकासमोर बसून ते पान जसंच्या तसं वाचणार, माझं नाव न गाळता. रडून तिलाच माझी समजूत काढायला लावणार नाही. पित्ताची, रांगेची, आईच्या गुडघ्याची सबब सांगणार नाही. तिथून एजवेअरला जाऊन आईसमोर पुन्हा तेच. स्टुगा ठेवायचा की विकायचा ते आनिकाने ठरवावं, पण खोट्यावर ठरवू नये. तिने मला दार दाखवलं तर निमूट बाहेर पडेन.

पण बाहेर पडण्याआधी हे सांगून जाईन: आनिका, त्याने मदत मागितली होती. माझ्याकडे मागितली होती.

तुझी बहीण,
चिमी